आडोशाला झाड कोणतं?

कौलारू घरांच्या वस्तीत हा प्रश्नच नव्हता, कारण कौलांवर चढून कोणी उभं राहत नाही. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या गावांत कौलं उतरत गेली, स्लॅब पडत गेले, आणि प्रत्येक स्लॅबवर संध्याकाळी फोनवर बोलत फेऱ्या मारणारा एक माणूस आला. त्याचं काही चुकत नाही. पण खाली शेजारच्या अंगणात बाजेवर पडलेली आजी, न्हाणीकडे जाणारी सून, कुरड्या घालायला बसलेल्या बायका, सगळ्या त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात. भिंत तरी किती वाढवणार? सहा-सात फुटांच्या पुढं गेली की अंगणाचा कोंडवाडा होतो आणि वारा बंद पडतो. मग झाड लावायचं ठरतं. नर्सरीत जाऊन ‘लवकर वाढणारं, पानं न गळणारं, कमी जागेतलं काहीतरी द्या’ असं सांगितलं जातं, आणि नर्सरीवाला देईल ते घरी येतं.

तो बहुधा कोनोकार्पस देतो. महिन्या-महिन्याला वाढणारं, बारा महिने हिरवं, कसंही कापलं तरी पुन्हा फुटणारं हे परदेशी झाड आडोशाच्या सगळ्या अटी पुऱ्या करतं. अडचण मुळांची आणि परागांची. गटारं, नळ आणि जमिनीखालच्या केबलींना मुळांचा होणारा त्रास व परागांमुळे होणारी सर्दी-दम्याची तक्रार, ही कारणं देऊन गुजरात सरकारनं सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कोनोकार्पस नसेल तर खोटा अशोक मिळतो. तो दक्षिणेकडचा, म्हणजे अगदी परका नव्हे. पण तो वर जातो आणि जातच राहतो. चाळीस फुटांचे खांब रांगेनं उभे राहिले की अंगणाला बँकेच्या आवाराची कळा येते. तिसरी पसंती पिवळ्या कण्हेरीची, जिला बरेचजण बिट्टी म्हणतात. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत एवढ्या एका गुणावर ती विदर्भभर पसरली आहे. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झाड बियांपासून चिकापर्यंत विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल तर हा विषय तिथंच संपवावा.

इंग्लंडात अशाच घाईतून एक वेगळं प्रकरण उभं राहिलं. लेलँडी नावाचा सुरूच्या जातकुळीतला संकर तिथं शेजाऱ्याची नजर अडवायला लोकांनी लाखांनी लावला. तो वर्षाला जवळजवळ मीटरभर वाढतो. शेजाऱ्यांच्या खिडक्या अंधारल्या, भांडणं कोर्टात गेली, आणि शेवटी २००३ च्या कायद्यात दोन मीटरहून उंच सदाहरित कुंपणांविरुद्ध नगरपालिकेकडे दाद मागण्याची तरतूद करावी लागली. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे शेजारी रात्री मुळाशी काय ओततो ते सकाळी कळतं.

जुनी सोय काय होती? घरामागं सांदवाडी, सांदवाडीच्या कोपऱ्यात न्हाणी, न्हाणीला बांबूचा तट्टा किंवा तुराट्यांचा कूड, आणि उरलेल्या कडेला बेशरम. फांदी खुपसली की फुटते, पाणी मागत नाही, जनावर खात नाही. गरिबाच्या कुंपणाला याहून स्वस्त काही नव्हतं. पण बेशरमही दक्षिण अमेरिकेची. सांदवाडीच्या कडेनं ती नाल्यात उतरली, नाल्यातून तलावात गेली. भंडारा जिल्ह्यातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, या झुडपानं किती व्यापले हे तिथं मासे धरणाऱ्या ढिवरांना विचारावं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं मनीष राजनकर आणि गावोगावच्या ढिवर मंडळींच्या बरोबरीनं काही तलाव पुन्हा जिवंत केले, तेव्हा आधी ही बेशरम उपटावी लागली आणि मग देशी पाणवनस्पती लावाव्या लागल्या, तेव्हा कुठं देशी मासळीला आसरा मिळाला. एका घराचा आडोसा गावाच्या तलावाला किती महागात पडू शकतो, याचा हा दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे.

तेव्हा देशी झाड लावावं, हे पटतं. इथवर सगळे येतात. यापुढचा घोटाळा मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही: भंडाऱ्याचं खरंखुरं देशी झाड उन्हाळ्यात उघडं असतं.

नागझिरा असो की कोका, आपलं रान पानगळीचं आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, लेंडिया, मोह, सगळे फेब्रुवारीपासून पानं टाकू लागतात आणि एप्रिलात डोंगराची हाडं दिसतात. आडोसा नेमका तेव्हाच हवा असतो. पावसाळ्यात अंगणात बसतो कोण? मार्च ते जून या दिवसांत बाज बाहेर येते, पापड-कुरड्या वाळतात, लग्नाचे पाहुणे मांडवाखाली झोपतात, पारा पंचेचाळीसपर्यंत गेल्यावर रात्री घरात थांबवत नाही. त्या दिवसांत बहावा फुलांनी कितीही पिवळाधमक झालेला असला तरी त्याच्या फांद्यांतून पलीकडचं सगळं दिसतं. पळस, पांगारा, कांचन, सगळ्यांचं तेच. कुडा तर माझा आवडता, मे-जूनमध्ये पांढऱ्या फुलांनी भरतो, फुलांची भाजीही होते. पण त्याआधीचे दोन महिने तो काटक्यांची जुडी असतो. पारिजातक लोक हौसेनं आडोशाला लावतात आणि चैतापर्यंत फसतात. त्याची खरखरीत पानं उन्हाळ्यात गळतात, राहिली तर मलूल लोंबतात.

याच रानात एक हिरवी रेघ मात्र उन्हाळाभर टिकते. नागझिऱ्याच्या रस्त्यानं मे महिन्यात गेलेल्या कोणालाही ती दिसली असेल: करड्या डोंगरातून नाला वाहतो तिथं अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर यांची गर्दी, खाली निर्गुडी. वर पाणी दिसत नसलं तरी खाली ओल असते. आडोशाचं झाड या रेघेतून निवडायचं, उघड्या डोंगरावरून नाही. आणि घराला नाला नसतो असं समजू नका. प्रत्येक घराला न्हाणी आणि मोरी असते. जुन्या सांदवाडीत तिच्या सांडपाण्यावर धोप्याची, म्हणजे अळूची, पानं आणि केळ पोसायचे. त्याच पाण्यावर आडोशाची रांग उभी राहू शकते. मला या सगळ्या प्रश्नाचं उत्तर इथं दिसतं. जातीची निवड त्यानंतरची गोष्ट.

त्याही आधी एक साधं गणित करावं, कारण बहुतेक लोक गरजेच्या दुप्पट उंचीचं झाड लावतात. समजा शेजारच्या गच्चीची उंची अकरा फूट आहे. तिथं उभ्या माणसाचे डोळे सोळा फुटांवर येतात. आपण बाजेवर बसलो की आपलं डोकं जमिनीपासून चार फुटांवर. शेजाऱ्याचा कठडा आपल्या कुंपणापलीकडं आठ फूट, आणि बाज कुंपणाच्या आत सोळा फूट. म्हणजे मधलं अंतर चोवीस फूट, आणि नजर त्यात बारा फूट खाली उतरते, दर दोन फुटांना एक फूट. झाड कुंपणाला लावलं तर नजर अडवायला ते बारा फुटांचं हवं. तेच झाड बाजेपासून चार फुटांवर लावलं तर सहा फुटांचं पुरतं. उभ्या माणसासाठी आणखी दीड फूट धरा. भिंतीलगतच्या झाडाला सात-आठ वर्षं लागतील. बाजेजवळचं झुडूप तिसऱ्या पावसाळ्यात कामाला येईल. तरी लोक भिंतीलाच झाड चिकटवतात. हद्द राखण्याची शेतकऱ्याची सवय आहे ती, धुऱ्यावर तूर टाकतात तशी.

सहा-आठ फुटांत काम भागत असेल तर मग झाडाचा आग्रह कशाला? अडुळसा लावा. तो बारा महिने हिरवा राहतो, शेळी त्याला शिवत नाही, फांदी लावून येतो, आणि नर्सरीत एक पैसा द्यावा लागत नाही. गावात कोणाच्या ना कोणाच्या वाडीत असतोच. जून लागताच बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभराच्या काड्या, निदान दोन डोळे मातीत जातील अशा, दोन फुटांवर एक, दोन ओळींत आड-तिरप्या खोचाव्यात. अडुळशाचं मोठं पान रुंद असल्यामुळे तो थोडक्या फांद्यांत दाट दिसतो. पांढरी फुलं हिवाळ्यात येतात, लहान पोरं ती उपटून मागच्या टोकाचा मध चोखतात. खोकल्याचा काढा हा वरचा नफा. उणीव एकच, त्याला सात-आठ फुटांपुढं न्यायला गेलं की तो खालून उघडा पडतो. दरवर्षी पहिल्या पावसानंतर निम्मा कापून टाकायचा.

निर्गुडी त्याची सोबतीण. वैनगंगेच्या काठानं आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांवर ती आपोआप वाढते, पूर आला तर वाकते आणि उतरला की उठते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरलं होतं; अशा भागात घर असेल तर निर्गुडी आणि करंज हेच खात्रीचे. तिचं पान अडुळशापेक्षा बारीक, राखी झाक असलेलं, म्हणून पडदा विरळ पडतो. पण दहा-बारा फुटांपर्यंत सहज जाते. पाल्याचा वास उग्र असतो. तो धान्याच्या कोठीत घालतात, दुखऱ्या अंगाला त्याचा शेक देतात. ओल नसेल तर एप्रिलात पानं कमी होतात, सांडपाणी मिळालं तर राहतात.

आता जे खरंच झाड म्हणता येईल त्याकडं. माझ्या मते घरगुती अंगणासाठी पहिला मान पुत्रंजीवाचा. हे नाव ऐकून लोक ज्योतिषाकडं पाहतात, कारण याच्या बियांच्या माळा लेकरांच्या गळ्यात घालायची जुनी रीत आहे. तो भाग सोडा. झाड म्हणून पाहा: गर्द हिरवी, चामड्यासारखी, लाटेसारख्या कडांची पानं, खाली झुकणाऱ्या डहाळ्या, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दाट, आणि कात्रीला इतकं शांत की हवा तो आकार घेतं. सोडून दिलं तर ते चाळीस फुटांवर जाईल, छाटत राहिलं तर दहावर थांबेल. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आडोशाला दोन्ही सारखीच. वाढ मात्र हळू आहे, पहिली दोन वर्षं तर जागचं हललेलं दिसत नाही. पाच-सहा फुटांवर एक लावावं. नर्सरीवाले याची रोपं पुढं करत नाहीत, कारण गिऱ्हाईकाला तीन महिन्यांत फरक दाखवता येत नाही. मागून घ्यावी लागतात.

दुसरा बकुळ. कोकणात त्याला ओवळी म्हणतात. रानातला तो सह्याद्रीकडचा, पण आपल्या उन्हात पहिले तीन उन्हाळे पाणी घातलं तर तग धरतो आणि मग पाण्याचं नाव घेत नाही. पानगळ नाही म्हणावी इतकी थोडी, छत्री गोल आणि दाट. फुलं वाळली तरी वास जात नाही. एका कोपऱ्यात एकच बकुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी अडुळसा, हा जोड चांगला जमतो, कारण बकुळाचा खालचा सांधा अडुळसा भरून काढतो.

कामिनीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती सगळ्यांना आवडते. नर्सरीत तिला मधुकामिनी म्हणतात, जुनं नाव कुंती. बारमाही हिरवी, आठ-दहा फुटांची, दाट, कात्रीला तयार, पाऊस पडून गेला की एकदम पांढरी होते आणि रात्रभर घर दरवळतं. देशी आहे, लहान आहे, आडोसा पक्का आहे. मग हरकत कुठं? तर लिंबूवर्गीय झाडांवरचा सायला नावाचा बारीक किडा कामिनीच्या कोवळ्या फुटीवर मजेत वाढतो. हाच किडा ग्रीनिंग रोगाचा प्रसार करतो, आणि या रोगाचं नाव नागपूर-अमरावतीकडच्या संत्रा बागायतदारासमोर काढून पाहावं. भंडारा धानाचा जिल्हा, संत्र्याचा नाही. पण अंगणात लिंबाचं झाड घरटी असतं. ज्याच्याकडं लिंबू, मोसंबी आहे त्यानं कामिनीची रांग लावू नये. गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, याच कुळातला, किड्याच्या बाबतीत त्याचीही तीच गत. तरी एखादा गोडनिंब स्वयंपाकघराच्या दाराशी असणारच, त्याला कोण अडवणार. फक्त त्याची रांग करू नका. मुळांतून पिल्लं काढत तो सांदवाडी व्यापतो.

सीतेचा अशोक फार सुंदर आणि फार मानी. त्याला सावली हवी, ओल हवी, लू नको. विहिरीशेजारी, पूर्वेच्या भिंतीच्या आड जागा असेल तर लावावा. पश्चिमेच्या उघड्या कडेला लावून त्याची करपलेली पानं बघत बसू नये. करंज उलट, कुठंही येतो. एप्रिलात काही दिवस उघडा होतो आणि लगेच चकचकीत कोवळ्या पानांनी भरतो. तेवढे दिवस सोसायचे असतील आणि जागा मोठी असेल तर पश्चिमेला करंजासारखी सावली नाही. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर मात्र तो लावू नये. आपटा लहान, काटक, बर्डीत, म्हणजे मुरमाड जमिनीतही येणारा. पण उन्हाळ्यात पातळ होतो, तेव्हा तो दसऱ्यासाठी लावावा, आडोशासाठी नव्हे. सप्तपर्णी नगर परिषदा रस्त्याकडेला लावतात ते पाहून काहीजण घरी आणतात. देशी आहे, हिरवी आहे, लहान अजिबात नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या तिच्या वासानं ज्यांचं डोकं उठतं अशांची संख्या कमी नाही.

बांबूचं विचाराल तर, मानवेल आपलाच. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ राहिला नाही, त्यामुळे तोडणीची कटकट संपली. पण फेब्रुवारी-मार्चात त्याचीही पानं झडतात, आणि बेट पसरत जातं. दीड एकराच्या शेतघराला ठीक.

तोडणीचं निघालंच म्हणून सांगतो. नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण अधिनियम लागू आहे. स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही. गावाकडं १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन अशी आपल्या नेहमीतली झाडं आहेत. आडोशासाठी जांभूळ लावून पंधरा वर्षांनी ते स्लॅबला टेकलं की अर्ज घेऊन फिरावं लागतं. झुडूप आणि छाटून ठेवलेलं झाड पाडायची वेळ सहसा येत नाही. उंची आपल्या हातात ठेवता येते हे मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या साड्या नेसणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण कोसा पिकवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे: शिडी न लावता अळ्या राखता याव्यात म्हणून ऐन-अर्जुनासारखी दांडगी झाडं ते छाटून माणसाच्या उंचीला ठेवतात.

मातीकडंही पाहावं. कन्हार ही काळी, भारी जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिथं भिंतीपासून चार फुटांच्या आत झाड नको, नाहीतर आधीच तडकणाऱ्या भिंतीला मुळांचं निमित्त मिळतं. शिवाय भर पावसात तिथं पाणी तुंबतं आणि कामिनी, बकुळ पिवळे पडतात. रोप थोड्या उंचवट्यावर लावावं. मोरंड, म्हणजे मध्यम जमीन, सगळ्याला चालते. बर्डीत खड्डा मोठा घ्यावा आणि तलावाचा गाळ भरावा, जो आपल्या जिल्ह्यात कमी नाही.

सापाची भीती सगळ्या बायका बोलून दाखवतात आणि ती खोटी नाही. घाणेरीच्या जाळीत, पालापाचोळ्यात उंदीर राहतो आणि उंदरामागं साप येतो. उपाय झाड न लावणं हा नाही. जमिनीपासून फूटभर बुंधे मोकळे ठेवायचे, खाली झाडू फिरला पाहिजे. नजर वरून येते, खालच्या फुटातून येत नाही.

लावायची वेळ मृगाची, आणि रोवणी सुरू व्हायच्या आत. एकदा बांध्यांत चिखलणी सुरू झाली की घरात खड्डा खणायला माणूस मिळत नाही, आणि ऑगस्टात लावलेल्या रोपाला उन्हाळ्यापर्यंत मूळ धरायला वेळ पुरत नाही. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून स्वस्तात मिळतात, पण पुत्रंजीव, बकुळ आधी सांगून ठेवावे लागतात. न्हाणीचं पाणी सरळ बुंध्याशी सोडू नये. चर काढून त्यात रेती-विटांचे तुकडे टाकावेत आणि पाणी रांगेच्या एका कडेनं झिरपू द्यावं. साबणाचा फेस मुळांवर साचला की पानांच्या कडा जळतात. पहिले तीन उन्हाळे यावर आणि आठवड्यातून दोनदा साध्या पाण्याच्या बादलीवर निघतात.

मधल्या तीन वर्षांत काय? बुरडाकडून तट्टा विणून घ्यावा आणि रोपांच्या बाहेरच्या अंगाला उभा करावा. पावसाळ्यात त्यावर दोडका चढवा, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा. उन्हाळ्यात वेल वाळेल, तट्टा तेवढा उभा असेल; तेवढ्यावर भागतं. खालच्या टोकाला डांबर लावलं तर वाळवी उशिरा लागते. तिसऱ्या मृगापर्यंत तो कुजून पडेल, त्याला धक्का देऊ नये. पडला की त्याच्याच काड्या पुत्रंजीवाला टेकू म्हणून वापराव्यात आणि शेंड्याची पहिली छाटणी तेव्हा करावी, आधी नको.